थंड आत, गरम बाहेर

"डावीकडे घे! अगं डावीकडे, डावीकडे!" असं ओरडत विनीताने हात केला तो चक्क उजवीकडे.

गाडी चालवत होती रुही, तिची लेक, हातात नुकतंच लर्नर्स परमिट पडलेली. तिने आईचं ऐकायचं की आईचा हात बघायचा? तिने दोन्ही केलं. आधी डावीकडे वळली, मग उजवीकडे, आणि शेवटी कुणा अनोळखी माणसाच्या हिरव्यागार लॉनवर एक चाक चढवून थांबली. मागून येणाऱ्या पोस्टाच्या गाडीने असा काही हॉर्न दिला की लॉनवर निवांत बसलेली खार थेट झाडाच्या शेंड्यावर पोचली.

"आई! व्हॉट वॉज दॅट?"

"अगं, मी सांगत होते ना तुला..."

"यू सेड लेफ्ट. यू पॉइंटेड राइट. पिक वन, यार!"

"यार काय? आई आहे मी तुझी."

"ओके. पिक वन, यार आई!"

एरवी विनीता खो खो हसली असती. ती तशी हसरी बाई, ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकमध्ये तिच्या शेजारची खुर्ची मिळावी म्हणून बायका लवकर येतात. पण आज ती मांडीवरच्या आपल्या दोन हातांकडे नुसती बघत राहिली, जणू ते दुसऱ्याच कुणाचे आहेत आणि चुकून आपल्या गाडीत येऊन बसलेत.

कारण डावं-उजवं हे विनीताचं नुसतं डावं-उजवं नव्हतं. तिची नोकरीच ती होती.

आता हे नीट सांगायला हवं, कारण ही नोकरी नक्की काय आहे ते विनीताच्या सख्ख्या नणंदेलाही अजून कळलेलं नाही. नणंद लोकांना सांगते, "आमची वहिनी माती बघते." तसं ते खोटंही नाही. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या एका लॅबमध्ये विनीता वीसेक वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसते. अटलांटिकच्या तळात लांबच लांब पाइप घालून तिथला चिखल काढून आणतात. वरचा चिखल अलीकडचा, खालचा जुना. तो चाळणीत धुतला की उरतात खसखशीपेक्षाही बारीक शंख. त्यातल्या एका जातीची गंमत अशी, की समुद्राचं पाणी गारठलेलं असलं की बहुतेकांचं वेटोळं डावीकडे वळतं, आणि पाणी उबदार असलं की उजवीकडे. का वळतं ते शंखांना माहीत! पण त्यामुळे हजारो वर्षांपूर्वी समुद्र थंड होता की गरम, ते आज न्यू जर्सीत बसून कळतं.

पृथ्वी सूर्याभोवती फिरता फिरता जराशी कलते, जराशी डुलते, आणि तेवढ्यानेही उत्तरेला बर्फाचे डोंगर साचतात नाहीतर वितळतात. शेवटच्या हिमयुगात ते बर्फ आपल्या मेटाचन गावापर्यंत आलं होतं. एडिसनच्या देशी दुकानातून भाजी घेऊन येताना तो लहानसा चढ लागतो ना? बर्फाने ढकलत आणलेल्या मातीचा ढीग आहे तो. ढीग टाकला आणि बर्फ परत फिरलं. विनीता तिथून जाताना दर वेळी गाडीतल्यांना हे सांगते आणि दर वेळी रुही कानात इअरफोन घालते.

तर काम असं, की दोन-तीन केसांचा ब्रश जिभेवर ओला करायचा, एकेक शंख टिपायचा आणि पुठ्ठ्याच्या छोट्या स्लाइडवर ठेवायचा. स्लाइडवर दोन रांगा. डावे शंख डाव्या रांगेत, उजवे उजव्या. बस. एवढंच विनीताने इतकी वर्षं केलं आणि त्या जोरावर चार जणांच्या पीएचड्या झाल्या, आणि त्यातल्या दोघांचं एकमेकांशी लग्न झालं.

आणि मग फेब्रुवारीत, जिने जन्मभर हिमयुगावर पोट भरलं त्या विनीताला स्वतःच्या ड्राइव्हवेवरच्या वीतभर बर्फाने आडवं केलं. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून ती कामावर जात राहिली, आणि पाडव्याच्या सुमारास ते निघालं. मनगट बरं झालं. पण मग हे सुरू झालं, हे जे काय आहे ते.

*

"काकू, आपण फेमस होणार!"

लॅबमध्ये पाऊल टाकताच सिद्धेश लॅपटॉप नाचवत आला. सिद्धेश पुण्याचा, पीएचडीच्या चौथ्या वर्षाला, भुकेला असला की विनीताचा डबा न विचारता उघडणारा. "बघा, बघा. फेब्रुवारीपासूनच्या तुमच्या सगळ्या स्लाइड मोजून टाकल्या मी."

स्क्रीनवर आलेख होता. हिमयुग संपतानाचा आलेख विनीताने शंभरदा पाहिला होता: खाली सगळे डावे, वर येता येता उजवे, मध्ये थोडा धक्का. हा तसा नव्हता. हा करवतीच्या दातांसारखा होता. थंड, गरम, थंड, गरम, पुन्हा थंड.

"हे काय रे?"

"तेच तर! समुद्र वेडा झालेला दिसतोय. एवढ्या भराभर बदल कुणी दाखवलेलेच नाहीत. आपली बॉस हेलन चिखल काढायला बोटीवर गेलीय ना, तिला मेल टाकला, ती म्हणते, इंटरेस्टिंग, नीट तपासा. काकू, मी कॉन्फरन्ससाठी पोस्टर करतोय याचं."

"तपासलंस?"

"तुमच्या स्लाइड काय तपासायच्या?" सिद्धेश हसला. "काकूंनी ठेवलंय म्हणजे बरोबरच असणार. मी नुसत्या रांगा मोजतो."

विनीताने आलेख पुन्हा पाहिला. समुद्र वेडा झाला असेल का? असेलही. पण तिला आठवला लॉनवर चढलेला टायर. समुद्र वेडा होण्यापेक्षा पिस्कॅटवेतली एक बाई वेडी होणं जास्त सोपं नव्हतं का?

आणि तिच्या आईचंही असंच तर सुरू झालं होतं. नागपूरला तिच्या आईने आधी किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवल्या, तेव्हा सगळे हसले. मग ती घराकडे यायचं वळण चुकली, आणि कुणी हसलं नाही. आता ती विनीताला कधी "ताई" म्हणते, कधी "अहो बाई".

"पोस्टर कधी लावायचंय?" तिने विचारलं.

"पुढच्या आठवड्यात. का?"

"काही नाही रे. असंच."

*

त्या संध्याकाळी विनीता पोळ्या लाटता लाटता एकोणतीसचा पाढा म्हणत होती. तो झाल्यावर तिने शाळेतल्या बाकांवरच्या मुलींची नावं ओळीने आठवली. तिसऱ्या बाकावर अडली. तिसऱ्या बाकावर कोण बसायचं? घाऱ्या डोळ्यांची होती... पोळी करपली.

"काय बाप्पा, मंत्र घालतेस का पोळ्यांवर?" प्रतापने, तिच्या नवऱ्याने, लॅपटॉपवरून मान वर न काढता विचारलं. प्रताप माणूस चांगला, पण मान वर काढणं त्याला जड जातं.

"प्रताप, मी विसरते का रे हल्ली?"

"तू? मागच्या दिवाळीला मी काय बोललो ते तुला शब्दन्‌शब्द आठवतं. विसरशील तर बरंच होईल."

"मस्करी नको ना."

आता मात्र त्याने मान वर काढली. बायकोच्या डोळ्यांत पाणी बघून तो इतका गोंधळला, की त्याने उठून करपलेलीच पोळी ताटात वाढून घेतली आणि सगळी खाल्ली. रुही जिन्यातून ऐकत होती. ती खाली आली आणि ओट्यावर बसली.

"आई, इज धिस अबाउट द कार? यू हॅव ऑल्वेज बीन लाइक दॅट. माझ्या डान्सच्या क्लासला तू एव्हरी सिंगल टाइम राँग टर्न घ्यायचीस. आय वॉज फाइव्ह आणि मी तुला रस्ता सांगायचे!"

"खरंच?"

"लिटरली! मला वाटायचं सगळ्यांच्या आया अशाच असतात."

विनीताला जरा बरं वाटलं, आणि लगेच वाईट. नेहमीच अशी असेन, तर मग वीस वर्षं डावी-उजवी रांग बरोबर लागली कशी? आणि लागत होती, तर आता का नाही? दोन्हींपैकी एक काहीतरी खरं असायला हवं होतं. तिला धड कुठलंच पटेना.

*

दुसऱ्या दिवशी सिद्धेश क्लासला गेल्यावर ती मायक्रोस्कोपपाशी बसली आणि तिने नवी स्लाइड घेतली. आणि कुणी बघत नाही ना ते पाहून ब्रश घेतला डाव्या हातात.

विनीता जन्माने डावखुरी. पण हे तिने अमेरिकेत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि भारतात सांगायची सोय नव्हती. लहानपणी पंगतीत आई तिच्या डाव्या बाजूला बसायची, आणि तिचा डावा हात स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवायची. मारलं कधी नाही. नुसता दाबून ठेवायची आणि म्हणायची, "तो हात चांगला नाही." पोरीने उजव्या हाताने जेवायला, लिहायला, प्रसाद घ्यायला शिकून घेतलं. फक्त डावं कुठलं नि उजवं कुठलं हे तिला कायम क्षणभर थांबून ठरवावं लागे.

मग प्लास्टर आलं. नाइलाजाने ब्रश डाव्या हातात आला, आणि आहाहा! तो हात असा चालला, जसं वर्षानुवर्षं कोंडलेलं वासरू मोकळं सुटावं. ना थरथर, ना शंख निसटणं. मनगट बरं झाल्यावरही तिला तो हात सोडवेना. एकटी असली की डावा, आणि कुणी आलं की पटकन उजवा. पन्नाशी उलटलेली बाई चोरून शंख उचलत होती! लाज कसली, कुणाची, ते तिलाही सांगता आलं नसतं.

एक शंख डावा, थंडीतला. तिला विचार करावा लागत नसे. ओळखीच्या माणसाचा चेहरा ओळखावा तसा तो ओळखू यायचा. तिने तो टिपला आणि ठेवला. दुसरा उजवा. ठेवला. तिसरा...

"काकू, चहा!"

दार ढकलून सिद्धेश आत आला. क्लास रद्द झाला होता. विनीता दचकली, एका झटक्यात तिने ब्रश उजव्या हातात घेतला आणि स्लाइड मायक्रोस्कोपच्या या अंगाकडून त्या अंगाला सरकवली. हात बदलला की स्लाइडही त्या हाताशी यायला हवी ना! सिद्धेश शेजारी टेकून फुर्र फुर्र चहा पीत राहिला. तिने पुढचा शंख उचलला. थंडीतला. ठेवला.

आणि ती थांबली.

तो शंख ज्या रांगेत जाऊन बसला, तिथे आधीच बसला होता तो उबदार पाण्यातला. दोन अगदी वेगळे चेहरे, एका बाकावर.

"सिद्धेश," ती हळूच म्हणाली, "जुलैत मॉलमध्ये कसं असतं?"

"काय?"

"थंड कुठे असतं?"

"आत. एसी असतो ना. बाहेर गरम. काकू, बऱ्या आहात ना?"

"तेच मी करते रे. पहिल्यापासून. डावं-उजवं मला पटकन कळत नाही, म्हणून नोकरीला लागले तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं. मायक्रोस्कोपच्या बाजूची रांग ती आत, पलीकडची ती बाहेर. थंड आत, गरम बाहेर. स्लाइड माझ्या उजव्या हाताशी असायची, तेव्हा आतली रांग ती डावीच यायची. कधी चुकलं नाही." तिने स्लाइड पुन्हा मायक्रोस्कोपच्या डाव्या अंगाला नेली. "आता ही इकडे ठेवली तर आतली रांग कुठली?"

सिद्धेशने पाहिलं. चहाचा पेला खाली ठेवला. "उजवी."

"आणि तू नुसत्या रांगा मोजतोस."

त्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि म्हणाला, "हरकत नाही. ज्या स्लाइड डाव्या हाताने केल्या त्यांचे आकडे उलटे करू. पाच मिनिटांचं काम. कुठल्या कुठल्या केल्या?"

विनीताने मान खाली घातली. "प्लास्टर होतं तेव्हाच्या सगळ्या. पुढच्या मला माहीत नाहीत. कुणी आलं की मी हात बदलायचे."

"का पण?"

आता त्याला काय सांगणार? पंगत, मांडी, आई? तिने सांगितलं सगळं, तोडकंमोडकं. सिद्धेश आधी हसला, मग त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. पोस्टर हातचं गेलं होतं. वेडा समुद्रही गेला. चार महिन्यांच्या सगळ्या स्लाइड खात्रीसाठी पुन्हा, एकेका शंखाचा चेहरा बघून, मोजायच्या होत्या.

"हेलनला मी लिहितो," तो म्हणाला. "लिहितो की लेबलिंगचा एरर झाला. तुमचं नाव नको."

"नाव घाल," विनीता म्हणाली. "विनीताने हात बदलला, सरळ असं लिही. लेबलवर कशाला ढकलतोस? त्या बिचाऱ्याने काय केलं?"

हेलनचं उत्तर बोटीवरून दुपारीच आलं. तिने लिहिलं होतं, चूक सापडली हे उत्तम. आणि खाली एक ओळ: 'विनीता, इतक्या वर्षांत मी तुला कधी विचारलं नाही, तुला कुठल्या हाताने सोपं जातं?'

विनीताने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. शेवटी 'थँक यू' एवढंच पाठवलं.

*

मोजणी आठवडाभर चालली. विनीता शंखाकडे बघायची आणि मोठ्याने सांगायची, सिद्धेश तोच शंख पुन्हा बघायचा. "मला आधी सांगायचं नाही इथे काय असायला पाहिजे ते," तिने बजावलं होतं. "दिसतं तेवढंच."

एकेक करून करवतीचे दात पडत गेले. खाली डावे, वर उजवे, शहाणा, सरळ समुद्र. फक्त एक दात पडेना. सगळं गरम होत चाललेलं असताना मध्येच एका थरात पुन्हा डावेच डावे, गर्दी करून.

"हे माझंच काहीतरी," विनीता म्हणाली. "तू बघ. मला दिसतात ते खरेच डावे आहेत का?"

सिद्धेशने डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. "डावेच आहेत, काकू. हा तर तो नेहमीचाच धक्का, पुस्तकातसुद्धा आहे. हिमयुग संपत आलं, बर्फ वितळत होतं, आणि अचानक हजारभर वर्षं पुन्हा गारठा. मग परत गरम."

"कशामुळे?"

"वितळलेलं पाणी समुद्रात आलं आणि प्रवाह अडला म्हणतात. सगळ्यांना पटत नाही ते. भांडतात अजून."

"म्हणजे कुणालाच नक्की माहीत नाही."

"नक्की असं... नाही."

विनीताने त्या थरातल्या शंखांकडे पाहिलं. पुढे जाता जाता मागे फिरले होते बिचारे, आणि का ते एवढ्या मोठमोठ्या लोकांना अजून सांगता येत नव्हतं. तिला हसू आलं. आणि का आलं ते तिला सांगता येईना. आपल्या डोक्याचं काय, हे तरी कुठे नक्की कळलं होतं? स्लाइडचं कोडं सुटलं. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी अजून आठवली नव्हती.

*

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे नागपूरला व्हिडिओ कॉल लागला. तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ. विनीताच्या भावाची बायको मृणालिनी फोन भांड्याला टेकवून ठेवायची आणि सासूला जेवायला बसवायची. इकडे रुही आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी होती.

"हाय आजी!"

आजीने पाहिलं, गोड हसली, आणि ताटाकडे वळली.

"आज मूड चांगला आहे," मृणालिनी म्हणाली. "पण ताई, नवीनच खूळ सुरू झालंय हो. बघा ना."

विनीताने पाहिलं. आई वरण-भात कालवत होती. डाव्या हाताने. चाचपडत नव्हती, सांडत नव्हती. पाची बोटं गोलाकार फिरत होती, भात एकत्र येत होता, घास बांधला जात होता, असा सुबक, की जन्मभर त्याच हाताने जेवत आली असावी.

"कधीपासून?" विनीताने विचारलं.

"झाला महिना. आधी वाटलं, उजवा हात दुखतोय. डॉक्टरांना दाखवलं, काही नाही. ते म्हणाले, लहानपणीचं असेल काही, वरचं सगळं गेलं की जुनं वर येतं कधी कधी. पण आईंचे भाऊ, मामा, सांगतात, त्यांनी कधी पाहिलेलं नाही." मृणालिनीने सासूचा हात हलकेच धरला. "आई, हा नाही. उजवा. उजव्या हाताने घ्या बघू."

"राहू दे, मृणाल," विनीता म्हणाली.

"अहो, पण कुणी आलं-गेलं तर..."

"राहू दे गं. जेवू दे तिला."

मृणालिनीने हात सोडला. आजीने घास बांधला, पण तोंडात घातला नाही. मान वर करून फोनमधल्या विनीताच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, कपाळाला आठी घालून, कोण बरं ही, अशी. मग तिने तो घास उचलून पुढे केला.

"आ कर," ती म्हणाली.

रुहीला हसू फुटणार होतं, ते फुटलं नाही. विनीताने स्वयंपाकघरात, सकाळच्या उन्हात, तोंड उघडलं. घास फोनच्या काचेला लागला आणि तिकडची सगळी खोली पिवळी, धुरकट झाली. मृणालिनी फडकं शोधत होती. काचेवर भाताची शितं चिकटून राहिली होती, आणि त्यांच्यामागे आईचा हात पुढचा घास बांधत होता.